दहाचा हिशेब, साठचा हिशेब

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण दोन भाषा शिकवणाऱ्याला शब्द कुठून आला हे विचारायची खोड लागते. 'सेकंद' या शब्दाचा माग काढत मी 'मोल प्रति सेकंद' या एककापाशी पोहोचलो. विज्ञानाची हुशार मुलेसुद्धा हे एकक बदलताना चुकतात. त्या चुकीमागे मोठा इतिहास आहे.

डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे कणांची एक ठरलेली संख्या. 20 मे 2019 पासून ती 6.02214076 गुणिले 10चा 23वा घात अशी पक्की झाली आहे. साधारण 18 ग्रॅम पाण्यात एक मोल रेणू असतात. ठरावीक वेळात किती मोल पदार्थ वाहिला किंवा वापरला गेला, तो मोल-प्रवाहाचा दर.

हा दर फार मोठा असतो, तसा फार लहानही असतो. दिवसाला 1000 टन अमोनिया बनवणाऱ्या खत कारखान्यातला अभियंता तो तासाला सुमारे 2447 किलोमोल असा लिहितो. उलट, एक जिवंत पेशी किती ऑक्सिजन घेते हे मोजणारा संशोधक अॅटोमोल प्रति सेकंद वापरतो. अॅटोमोल म्हणजे मोलाचा 10चा उणे 18वा घात, सुमारे 6 लाख रेणू.

आता कारखान्याचा दर पेशीच्या एककात आणू. किलोमोलाचे अॅटोमोल करायला 21 शून्ये वाढवायची. एवढे मुले बिनचूक करतात. मग तासाचे सेकंद करायला 3600 ने भागायचे, आणि इथे घोटाळा होतो. कुणी भागण्याऐवजी गुणतो, कुणी 60 वरच थांबतो. बरोबर उत्तर आहे सेकंदाला 680 मोल, म्हणजे 6.8 गुणिले 10चा 20वा घात इतके अॅटोमोल. सगळी अडचण अपूर्णांकाच्या खालच्या मजल्यावर आहे. वर दहाचे राज्य, खाली साठचे.

हे साठ बाबिलोनचे. तिथल्या लोकांची गणिताची पद्धतच साठवर उभी होती. ग्रीक ज्योतिर्विदांनी ती उचलली आणि पुढे अरबी ग्रंथांनी जपली. अरबीत तासाच्या साठाव्या भागाला 'दक़ीक़ा' म्हणतात, म्हणजे बारीक तुकडा. त्याचा साठावा भाग 'सानिया', म्हणजे दुसरा. उर्दूत सेकंदाला आजही सानिया म्हणतात. लॅटिनमध्येही हाच विचार आहे. पहिला बारीक भाग तो मिनिट, दुसरा तो सेकंद. अल-बिरूनीने इ.स. 1000च्या सुमारास अमावास्येच्या गणितात सेकंदाच्याही खाली तिसरा आणि चौथा भाग धरला. आपल्याकडची घटिका-पळेही साठचीच: दिवसाच्या 60 घटिका, घटिकेची 60 पळे.

दोन्ही हिशेबांमधला पूल समरकंदच्या अल-काशीने फार सुंदर दाखवला. 1424 मध्ये त्याने वर्तुळाचा परीघ आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर आधी साठच्या पद्धतीने काढले, नंतर तीच संख्या दशांश पद्धतीत 16 स्थळांपर्यंत मांडली. 1427 च्या 'मिफ़्ताह-अल-हिसाब'मध्ये त्याने दशांश अपूर्णांक रीतसर समजावून सांगितले. किंमत तीच ठेवून तिचे लिखाण बदलायचे, हे काम त्याने सहाशे वर्षांपूर्वी करून ठेवले.

क्रांतीनंतरच्या फ्रान्सने मात्र साठला हद्दपार करायचे ठरवले. 1793 मध्ये तिथे दिवसाचे 10 तास, तासाची 100 मिनिटे आणि मिनिटाचे 100 सेकंद असा कायदा झाला. लोकांनी तो स्वीकारला नाही. 7 एप्रिल 1795 च्या ज्या कायद्याने मीटर, ग्रॅम, लिटर ही नावे पक्की केली, त्याच कायद्याने दशमान वेळ बेमुदत स्थगित केली. वजन-माप दहाचे झाले, घड्याळ साठचेच राहिले. पुढे दहाची उतरंड खाली जात राहिली. 1964 मध्ये फेम्टो आणि अॅटो आले, 1991 मध्ये झेप्टो आणि योक्टो. एक योक्टोमोल म्हणजे 0.6 रेणू. रेणूचा तुकडा केला तर तो पदार्थ उरत नाही. म्हणून सेकंदाला एक योक्टोमोल याचा अर्थ सरासरी 1.66 सेकंदाला एक रेणू, एवढाच घ्यायचा.

हे सारे प्रयोगशाळेपुरते नाही. आपल्या रक्ताच्या अहवालात एसजीपीटीपुढे 'युनिट प्रति लिटर' असते. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलून टाकणारे विकर. 1999 मध्ये जागतिक वजन-मापे परिषदेने मोल प्रति सेकंदाला 'कॅटल' हे नाव दिले, आणि ठरावात मानवी आरोग्य व सुरक्षेचे कारण नमूद केले. स्वीडनमध्ये अहवाल मायक्रोकॅटलमध्ये येतो. आपल्याकडचे 42 तिथे 0.7 होतात. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मुलाने दोन कागद शेजारी ठेवले, तर लिव्हर एकदम सुधारले असे त्याला वाटेल. प्रत्यक्षात आकडा फक्त 60 ने भागलेला आहे. उलट्या दिशेने, तिकडचे 2 वाचून कुणी निर्धास्त झाला, तर ते आपले 120 आहेत, आणि ते डॉक्टरांना दाखवायलाच हवेत.

म्हणून मुलांना मी एकच सांगतो. आधी वरचा मजला बदला, शून्ये मोजा, ओळ पूर्ण लिहा. मग नव्या ओळीवर खालचा मजला घ्या. आणि आकड्याआधी एकक वाचा. शून्याची चूक डोळ्यांत भरते, साठची चूक मात्र खऱ्या उत्तरासारखी दिसते.