व्हय म्हाराजा आणि तिसरीतली कविता

मराठी शाळेत कविता 'लिहायला' कधी शिकवली गेली? हा प्रश्न गेले दोन-तीन विकांत डोक्यात घोळतोय. कविता पाठ करायला, चालीवर म्हणायला, संदर्भासह स्पष्टीकरण द्यायला आपण सगळेच शिकलो. पण लिहायला? तो इतिहास शोधायला गेलं की फारच बारीक निघतो.

सुरुवात १८५४ पासून करू. त्या वर्षी परशुरामतात्या गोडबोल्यांचं 'नवनीत' आलं. जुन्या मराठी कवितेचे निवडक वेचे, शाळांत पिढ्यानपिढ्या वापरलेले. मोरोपंत, वामन पंडित वगैरे मंडळी पोरांच्या जिभेवर बसली ती अशी. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही, कान तयार होतो त्याने. पण कविता थोर माणसांनी लिहायची आणि आपण घोकायची, हे डिफॉल्ट सेटिंगही त्याच वळणाने पक्कं झालं.

पुढे साने गुरुजी. कोकणातल्या पालगडचा हा माणूस १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होता. तिथे वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवायचे, चक्क हाताने लिहून! शाळेत लिहिलेला कागद फक्त मार्कांसाठी नसतो, तो कुणीतरी वाचण्यासाठीही असू शकतो, ही त्यातली मोठी गोष्ट. शाळाशाळांतून निघणारी हस्तलिखितं याच जातीची. पण त्यात बहुतेकदा ज्याचं अक्षर आणि यमक चांगलं त्याचा नंबर लागतो. बाकीचा वर्ग वाचक.

आता आमच्या किनाऱ्याकडे येऊ. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी सगळा रत्नागिरीच. या पट्ट्याने मराठीला किती कवी दिले बघा. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातले (जन्म १९१८), मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे (१९२९), आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर हेही वेंगुर्ल्याकडचेच (१९३०). विंदांनी तर 'राणीची बाग' (१९६१) पासून बालकवितेतून उपदेशाला रजाच दिली. पण तरीही ती मुलांसाठीची कविता. मुलांनी केलेली कविता ही वेगळी गोष्ट.

ती वेगळी गोष्ट करून बघितली एका अमेरिकन कवीने. केनेथ कॉक, साल १९६८, न्यूयॉर्कमधली एक सरकारी प्राथमिक शाळा. त्याची पद्धत अगदी साधी होती. यमक जुळवू नका. प्रत्येक ओळ 'माझी इच्छा आहे की' अशी सुरू करा. ओळीत एखादा रंग, एखादं गाव, कॉमिकमधलं एखादं पात्र येऊ द्या. प्रत्येकाने एकच ओळ द्यायची, सगळ्या ओळी जोडून अख्ख्या वर्गाची एक कविता. याच प्रयोगांवर त्याचं पुस्तक १९७० साली आलं.

हे का चालतं? आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत सांगायचं तर टेम्प्लेट तयार मिळतं, फक्त किंमत भरायची. 'पावसावर कविता लिही' म्हटलं की तिसरीतलं पोर फूल-मूल, पाणी-गाणी शोधत बसतं, आणि यमकासाठी खोटं बोलतं. एक ओळ मात्र कुणालाही सुचते.

वाचता वाचता एकदम लक्षात आलं... अरे, हे तर गाऱ्हाणं! कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. देवळात गावकार किंवा मानकरी देवापुढे उभा राहतो, देवादिकांची नावं घेत एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यामागोमाग जमलेली माणसं म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. ठरलेली सुरुवात, मध्ये इच्छा, शेवटी सगळ्यांचा होकार. कॉकला जी चौकट घडवावी लागली ती आमच्या पोरांच्या कानात आधीपासून आहे. शिवाय आमच्याकडच्या बऱ्याच शाळांत पटच दहा-पंधराचा, दोन शिक्षक आणि चार इयत्ता एकत्र. अशा वर्गाला एकत्र कविता करणं सोपं, पहिलीतलं पोरगं लिहू शकलं नाही तरी सांगू शकतं.

समजा एका मुलीने ओळ दिली: 'आजयेचो गुडघो बरो होवंदे.' आणि वर्ग म्हणाला, व्हय म्हाराजा. आता खरी परीक्षा शिक्षकाची. आजयेचो नाही आजीचा, गुडघो नाही गुडघा, बरो नाही बरा, होवंदे नाही होऊ दे. चार शब्द, चार लाल गोळे! मुलीने त्यातून शिकायचं काय? की घरात आजीशी बोलते ती भाषा म्हणजे चूक. पुढच्या वेळी ती आजीबद्दल लिहिणार नाही, फूल-मूल लिहील. कविता तिथेच संपली.

हे फक्त भावनिक होऊन म्हणत नाहीये. घरची भाषा ही वर्गातली अडचण नसून साधन आहे, हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही आहे. घाटापलीकडे कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही मुलाचा स्वतःचा अनुभव शिक्षणाच्या मध्यभागी ठेवून. आणि मालवणी कागदावर शोभत नाही म्हणणाऱ्यांना 'वस्त्रहरण' या एका नावात उत्तर आहे. १९८० मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकाला सगळा महाराष्ट्र हसला, आणि तेव्हा कुणी शुद्धलेखन तपासलं नव्हतं.

प्रमाण मराठी शिकवूच नये असं अजिबात म्हणणं नाही. पोरांना पुढे परीक्षा द्यायच्यात, अर्ज लिहायचेत, नोकऱ्या करायच्यात. पण तीच ओळ शेजारच्या पानावर प्रमाण मराठीत लिहून घेता येते की. मग एकाच ओळीची दोन रूपं समोर येतात, आणि व्याकरणही शिकून होतं. अट एकच, पहिल्या पानावर लाल पेन नको.

तुमच्यापैकी कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असाल तर एखाद्या शनिवारी सकाळच्या शाळेत करून बघा. खर्च शून्य. फळा, खडू आणि एक तास पुरे. फक्त मागणं काय मागायचं ते पोरांना ठरवू द्या.