रकान्यातल्या बायका

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये बाईच्या हक्काचा विषय निघाला की पहिलं नाव सुधा कुलकर्णींचं येतं, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींचं. १९७४ साली बंगळूरला पदव्युत्तर शिक्षण घेताना त्यांनी टाटांच्या मोटार कंपनीची, टेल्कोची, जाहिरात वाचली: अभियंते हवेत, मुलींनी अर्ज करू नयेत. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली महिला अभियंता रुजू झाली.

ती जाहिरात रोखणारा कायदा तेव्हा नव्हता, हे मात्र कुणी सांगत नाही. समान वेतनाचा वटहुकूम १९७५ मध्ये निघाला, कायदा १९७६ मध्ये झाला. भरतीत बाई म्हणून डावलायचं नाही, हे त्यात आलं.

जाहिरातीतली ओळ गेली, घड्याळ राहिलं. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत कामावर ठेवता येई. १९१९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनेही बायकांच्या रात्रपाळीला मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा होता, पण आमच्याकडे कारखाने पाळ्यांमध्ये चालत. जी सेकंड शिफ्टला थांबू शकत नाही, तिला ऑपरेटर कशाला करायचं, असं सुपरवायझर म्हणत. कायद्याचं पुस्तक त्यांच्याच बाजूचं.

भोसरीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी नोकरी केली. समान वेतन कायद्याचं 'नमुना डी' रजिस्टर माझ्याकडे असे. कामाचा प्रकार, पुरुष किती, स्त्रिया किती, दर काय, असे त्यात रकाने. जनरल शिफ्टला शेजारशेजारच्या ड्रिल मशिनवर दोघं एकच काम करत. तो 'ऑपरेटर', ती 'हेल्पर'. पदनाव वेगळं म्हणून ओळ वेगळी, ओळ वेगळी म्हणून दर वेगळा. इन्स्पेक्टर येत, रजिस्टर चोख बघून सही करून जात. तीसहून जास्त बायका झाल्या की पाळणाघर काढावं लागे. म्हणून मस्टरवरचा आकडा तिशीच्या आत ठेवायची तोंडी सूचना होती.

रात्रीची बंदी घटनाविरोधी असल्याचं मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरक्षेच्या अटी घालून रात्रपाळी मोकळी केली. बजाजने चाकणला डॉमिनार मोटरसायकलची लाइन बायकांच्या हाती दिली. टाटांच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी बनवणाऱ्या लाइनवर दीड हजारांच्या आसपास बायका उभ्या राहिल्या. याचा मला आनंदच आहे.

तरी अशा लाइनचे फोटो छापून आले की मी टाइम ऑफिसातलेच प्रश्न विचारते: यातल्या कायम किती, ट्रेनी किती, ठेकेदाराच्या किती? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ठेकेदाराच्या बाईलाही कंपनीच्या समितीकडे दाद मागू देतो. पण जिचं गेटपास कार्ड दर काही महिन्यांनी रिन्यू होतं, तिने ते रिन्यू करणाऱ्याच माणसाविरुद्ध अर्ज कसा द्यायचा? शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना आता कायम आणि हंगामी बायकांचे आकडे अहवालात वेगवेगळे द्यावे लागतात. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांनाही तोच तक्ता लावा, आणि त्यात पदनावाचा रकाना आधी तपासा.