सूर्याच्या साक्षीनें

कोंकणांत किंवा देशावर एखाद्या जुन्या गांवीं गेलें असतां वेशीपाशीं अगर देवळाच्या आवारांत एखादा वीरगळ बहुधा दृष्टीस पडतो. खालच्या चौकटींत लढणारा वीर, मधल्या चौकटींत त्यास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि सर्वांच्या वर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य आहेत तोंपर्यंत ह्या पुरुषाची कीर्ति राहो, असा त्या चिन्हांचा आशय. परंतु नवल असें कीं, ज्याची कीर्ति राहावयाची त्याचें नांव महाराष्ट्रांतील बहुतेक वीरगळांवर कोरलेलेंच नाहीं. शेंदूर लागतो, नारळ फुटतो. कोणासाठीं, हें गांव केव्हांच विसरलें.

पुढें इंग्रजी अमलांत निराळीं स्मारकें आलीं. १९१४ च्या महायुद्धानंतर रत्नागिरी, सातारा वगैरे जिल्ह्यांतील कित्येक गांवीं सरकारनें शिला बसविल्या. ह्या गांवांतून अमुक इसम युद्धावर गेले व त्यांपैकीं अमुक मेले, एवढाच त्यांवरील मजकूर. वीरगळावर नांव नव्हतें. येथें नांवाच्या जागीं आंकडा आला.

ह्या दोहोंहून वेगळें असें एक स्मारक एका मराठी शिपायाच्या वांट्यास आलें आहे. त्याच्या तालुक्याच्या गांवीं, माणगांवास, त्याचा पुतळा आहे, ही आनंदाची गोष्ट. पण आम्ही म्हणतों तें स्मारक दूर इटलींत आहे.

नाईक यशवंत घाडगे हे तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे. त्यांचा जन्म १९२१ सालचा. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते होते. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यांत अगदीं जवळून सांपडली. तुकडींतील प्रत्येक माणूस ठार तरी झाला किंवा जायबंदी तरी. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागें कोणी उरलें नाहीं हें जाणूनहि ते पुढें धांवले. हातबॉम्ब टाकून त्यांनीं मशीनगन बंद पाडली, एकास गोळी घातली आणि बंदूक पुन्हां भरण्यास अवसर नाहीं असें दिसतांच ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या तडाख्यांनीं ठार केलें. इतक्यांत दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातींत व पाठींत शिरल्या. जिंकलेल्या ठाण्यांतच त्यांनीं देह ठेविला. वय अवघें २२ वर्षांचें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला.

त्यांची समाधि कोठेंच नाहीं. ज्यांच्या थडग्यांचा ठाव लागला नाहीं अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें कासिनो येथील स्मारकावर आहेत; त्यांत एक घाडगे ह्यांचें. टायबरच्या त्याच खोऱ्यांत मोन्तोने नांवाचें डोंगरमाथ्यावरील एक लहानसें जुनें गांव आहे. त्या गांवच्या नगरसभेनें व इटलींतील कांहीं युद्धेतिहासकारांनीं मिळून जुलै २०२३ मध्यें घाडगे ह्यांचें स्मारक उभारलें. तेथें घोडा नाहीं कीं तोफ नाहीं. आहे ती छायेवरून वेळ दाखविणारी सूर्यघटिका. तिच्यावर लॅटिन भाषेंत वचन आहे. आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, असा त्याचा अर्थ.

आतां कोणी विचारील कीं, हा शिपाई मेला तो कोणासाठीं? प्रश्न खोटा नाहीं. त्याच जुलै महिन्यांत नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदींत होते आणि त्यांस डांबणाऱ्या सरकारच्याच गणवेषांत घाडगे पडले. इटलीच्या मोहिमेंत ५,७०० हून अधिक हिंदी सैनिक मेले. परंतु त्यांस हुतात्मे म्हणावयास आमची जीभ अडखळली, आणि परके म्हणवेनात म्हणून आम्हीं मौन धरिलें. हा पेंच आम्हांसहि पुरता सुटलेला नाहीं.

पण मोन्तोनेलाहि मौन धरावयास कारण होतें. घाडगे ह्यांचीच तिसरी पलटण १९४१ सालीं एरिट्रियांत केरेन येथें इटालियन फौजेशीं लढली होती! तरीहि त्या गांवानें जुन्या वैराचा हिशेब मांडला नाहीं. आपल्या खोऱ्यांत एक परदेशीं जन्मलेला मुलगा पडला, त्याचें नांव आपण राखावें, एवढेंच त्यानें मनांत आणिलें. शिवाय त्या वचनाचा सूर्य घाडगे ह्यांच्या हातून मेलेल्या जर्मन पोरांवरहि पडतो, हें आम्हांस विशेष वाटतें. वीराचा गौरव करावयाचा, पण मरणाचा उत्सव करावयाचा नाहीं, हें त्या गांवास साधलें.

माणगांवीं सूर्य माथ्यावर आल्यानंतर सुमारें चार तासांनीं तो मोन्तोनेच्या माथ्यावर येतो. आमच्या वीरगळावर सूर्य होता, पण नांव नव्हतें; सरकारी शिलेवर आंकडा होता; मोन्तोनेस नांव आणि सूर्य एकत्र आले. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं तशी आंकड्याची शिला असेल त्यांस आमची एक विनंती आहे. घरांतील जुनीं पत्रें, निवृत्तिवेतनाचे कागद, वडीलधाऱ्यांच्या आठवणी ह्यांवरून त्या आंकड्यामागचीं माणसें शोधावीं आणि एक साधा दगड शेजारीं बसवून त्यावर त्यांचीं नांवें कोरावीं. बाजू कोणती, कारण कोणतें, ह्याचा वाद इतिहासकारांनीं चालवावा. नांवें मात्र त्या वादाच्या निकालापर्यंत थांबवून ठेवण्याचें कारण नाहीं.