डास, पाणी आणि वस्ती

डास घाणीत होतात, घाण वस्तीत असते, आणि वस्ती घाण असते कारण तिथली माणसेच तशी असतात, असे एक तर्कशास्त्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. प्रस्थापित मनाला ते इतके सोयीचे आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. विज्ञानाने ते केव्हाच तपासले आहे. गटाराच्या पाण्यात वाढतो तो क्यूलेक्स डास. तो हत्तीरोग पसरवतो. पण शहरात हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी आणि डेंग्यू पसरवणारा एडीस हे स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतात: विहिरीत, गच्चीवरच्या टाकीत, पिंपात, बंगल्यातल्या कुंडीखालच्या बशीत. म्हणजे डासाचा प्रश्न हा मुळात पाण्याचा प्रश्न आहे. आणि या देशात पाण्याचा प्रश्न हा सत्तेचा आणि जातीचा प्रश्न असतो. डासांच्या बंदोबस्ताचा इतिहास या अंगाने वाचला पाहिजे.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा जंतू दिसला. त्या डासांना रक्त पाजले होते हुसेन खान नावाच्या एका रोग्याने. चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शोध रॉस यांचाच, याबद्दल वाद नाही. पण ज्याच्या रक्तावर तो उभा राहिला त्याचे नाव आपल्यापैकी किती शिक्षक वर्गात सांगतात?

रोग डासामुळे होतो हे कळल्यावर डास जिथे वाढतो ते पाणीच मोडावे, हा विचार पुढे आला. मुंबईतील हिवतापाची पाहणी करून डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला. शहरातील विहिरी आणि टाक्या हीच या डासांची घरे आहेत, हा त्यांचा निष्कर्ष होता. विहारचे पाणी १८६० साली नळाने आले होते, तरी वाड्यावाड्यांतल्या विहिरी तशाच होत्या. त्या बुजवा किंवा झाका, असे सांगितले जाताच विरोध उभा राहिला. विहिरीत देवता आहे, धर्मकृत्याला विहिरीचेच पाणी लागते, अशी कारणे पुढे आली. पुढे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झालेल्या रुस्तम मसानी यांनी या श्रद्धांवर १९१८ साली एक पुस्तकच लिहिले. अखेर तडजोड झाली: विहीर झाका, पण झाकणात जाळीचे दार ठेवा, म्हणजे पूजाही होईल. या विहिरींचे मालक झोपडीत राहणारे नव्हते. म्हणून त्यांच्या श्रद्धेशी सरकारने वाटाघाट केली.

याच मुंबई इलाख्यात, ज्यांच्या वाट्याला विहीरच नव्हती, त्यांचे काय चालले होते? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली कायदेमंडळात मंजूर झाला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. डासाच्या अळ्या असलेली विहीर पवित्र, आणि माणसाची ओंजळ लागलेले तळे विटाळलेले! शुद्धतेच्या या कल्पनेने रोग तर रोखला नाहीच, पण वस्तीला पाणी साठवायला भाग पाडले. ज्याला हवे तेव्हा पाणी घेता येत नाही, त्याला ते भरून ठेवावेच लागते.

स्वातंत्र्यानंतर डीडीटी आले. १९४७च्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६५पर्यंत रोगी लाखाच्या आसपास आले. हे यश खोटे नव्हते; त्यामुळे आपल्या वस्तीतली पोरे जगली. पण डास औषधाला सरावले, देखरेख ढिली पडली, आणि १९७६ साली रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली. भिंतीवर औषध मारता येते. पाण्याच्या विषमतेवर मारायचे औषध मात्र फवारणीच्या पंपात नसते.

मी ज्या वस्तीत वाढलो तिथे नळ तासभर यायचा. पिंप हे घरातले सर्वांत मोलाचे भांडे होते. ते आठवड्यातून एकदा रिकामे करा, असे सांगणारा माणूस यायचा. पण उद्या पाणी येईल याची हमी तो देत नव्हता. दारिद्र्याने लादलेल्या गोष्टीला अज्ञान म्हणायचे, ही जुनीच रीत आहे. मुंबईत तर अनधिकृत ठरवलेल्या झोपड्यांना पाणीच द्यायचे नाही, असे धोरण होते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर २०१४ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. चवदार तळ्यानंतर सत्याऐंशी वर्षांनी!

याचा अर्थ पिंपाकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नियम शास्त्रीय आहे. एडीसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात. तेव्हा पाणी नुसते ओतून भागत नाही, कडा घासल्या पाहिजेत. पिंपाच्या तोंडाला कापड घट्ट बांधावे. अंगणातले टायर, फुटके डबे, करवंट्या उपड्या कराव्यात. जे पाणी ओतता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत. हे ज्ञान आपल्या तरुण मंडळांनी, शिक्षकांनी घरोघर नेले पाहिजे. डेंग्यूने मूल गेले तर ते आपले जाते.

पण त्याच दारात उभे राहून दुसरी गोष्टही बोलली पाहिजे. पिंप घासणे हे आपले काम आहे. पिंप भरून ठेवण्याची पाळी येऊ नये इतके पाणी रोज देणे, हे शासनाचे काम आहे. यातले पहिले काम करताना दुसऱ्याची मागणी सोडून देणे आपल्याला परवडणार नाही.