उंदरांचा दाखला माणसांना देण्याआधी

उंदरांचा 'स्वर्ग' गर्दीने कसा बुडाला, हा व्हिडिओ अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. खाली ठरलेली कॉमेंट : 'आपल्याकडेही हेच होणार.' म्हणून मूळ गोष्ट सांगतो.

१९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरजवळ जॉन कॅलहूनने पाव एकर जागेला कुंपण घातलं, आत रानटी उंदीर सोडले. खायला-प्यायला मुबलक, शत्रू कुणी नाही. दोन वर्षांहून जास्त काळ तो नुसता बघत बसला. हिशेबाने ५,००० उंदीर व्हायला हवे होते. २०० च्या वर कधी गेलेच नाहीत. डझनभरांचे गट करून राहिले.

पुढचा प्रयोग बंद खोलीत. खोली १० बाय १४ फूट, चार कप्पे, आणि उंदीर आता प्रयोगशाळेतले. इथे मात्र मारामाऱ्या, पिल्लं टाकून देणं, सगळं झालं. १९६२ मध्ये लेख आला आणि जगभर गाजला.

पण तोच लेख नीट वाचा. कडेच्या कप्प्यांना वाट एकच. एक दांडगा नर ती अडवून बसायचा, आत माद्या निवांत. बाकीचे सगळे मधल्या कप्प्यांत कोंबले गेले. शिवाय खाणं जाळीमागे, कडक. कुरतडायला वेळ लागायचा, म्हणून तिथेच झुंबड. भुकटी दिली तेव्हा ती झुंबड तशी झालीच नाही! म्हणजे प्रश्न नुसत्या संख्येचा नव्हता. वाट कुणी अडवली आणि अन्न कसं मांडलं, याचाही होता.

हे कुणी लक्षात ठेवलं नाही. १९६८ चं पॉल एर्लिकचं लोकसंख्येवरचं गाजलेलं पुस्तक दिल्लीच्या गर्दीतल्या टॅक्सीतून सुरू होतं. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. ते उंदरांमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण माणसं म्हणजे नुसती गर्दी, ही हवा तीच होती.

आणि १० बाय १२ च्या खोलीत आठ-दहा माणसं? गिरणगावच्या चाळींनी पिढ्या वाढवल्या. हाल झाले, पाण्यावरून भांडणं झाली. पण नळाच्या वेळा ठरल्या, गॅलरीत झोपायच्या जागा ठरल्या, गणपती बसला. उंदरांना पिंजऱ्याचा नकाशा बदलता येत नव्हता. आपल्याला येतो.

तेव्हा पुढच्या वेळी व्हिडिओ आला की एवढंच विचारा : कडेचा कप्पा कुणी अडवलाय?