सुरतेत भेटलेले ग्रीक

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. एक १६६४ ची, दुसरी १६७० ची. आम्हा गोवेकरांना आणखी एक आठवण असायला हरकत नाही: १५३० साली पोर्तुगिजांनी हे शहर जाळले होते. काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी मी सुरतेला गेलो तेव्हा माझ्या डोक्यात एवढेच होते. ग्रीकांचा विचार स्वप्नातही नव्हता.

लग्नघराच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत, पिढीजात सराफ. जेवणानंतरच्या निवांत दुपारी त्यांनी एका डबीतून चांदीचे नाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. अंगठ्याच्या नखाएवढे, वजन दोनेक ग्रॅम. एका बाजूला मिशीवाल्या राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला तीन कमानींची टेकडी, वर चंद्र-सूर्य आणि कडेने ब्राह्मी अक्षरे. ब्राह्मी मला थोडीफार लागते. वीरदामाचा मुलगा महाक्षत्रप रुद्रसेन, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. मी जरा ऐटीतच वाचून दाखवले.

“ते ठीक आहे, भाई. पण राजाच्या डोक्याभोवती काय लिहिलंय?”

भिंग घेऊन मी बराच वेळ पाहिले. उभ्या रेघा, वर्तुळे, पुन्हा रेघा. “काका, हे काही लागत नाही.”

ते हसले. “लागणार कसं? ती ग्रीक अक्षरं आहेत, पण कोरणाऱ्यालाच वाचता येत नव्हती.”

खरे सांगतो, त्या वाक्याने माझी लग्नाची उरलेली मजा गेली आणि दुसरीच सुरू झाली. तोवर ग्रीक म्हणजे माझ्या लेखी होमर, संगमरवरी पुतळे आणि अथेन्सचे देऊळ. शाळेत तर ग्रीकांचा धडा अलेक्झांडर बियासवरून परत फिरला तिथेच संपायचा. तो संपला तिथून पुढे आपली गोष्ट सुरू होते हे कोणी सांगितले नव्हते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. लेखकाचे नाव ठाऊक नाही. समुद्रावरून कुठे जावे, काय घ्यावे, काय विकावे याची ही वही. भडोचला तो बारिगाझा म्हणतो. सुरतेपासून ते फार लांब नाही. खंबातच्या आखातात शिरताना उजव्या हाताला कम्मोनी नावाचे गाव लागते असे तो सांगतो. अभ्यासक ते सुरतेजवळचे तापीकाठचे कामरेज मानतात. २००३ साली तिथे उत्खननही झाले.

त्या आखाताची भरती त्याने जशी वर्णिली आहे तशी ती बघितल्याशिवाय लिहिता येणार नाही. मांडवीची भरती-ओहोटी पाहत वाढलेल्या आपल्याला तिची कल्पना येत नाही. तिथे पाणी दहा मीटरच्या घरात चढते-उतरते. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन पार बाहेर येत आणि परकी गलबते हाताला धरून आणावीत तशी आत आणत. बंदरात उतरे ती इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळे, काच. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुले. चढे ते हस्तिदंत, अकीक, सुती कापड. त्यातला काही माल पैठणहून आणि तेरहून गाड्यांनी येई. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट!

त्याच वहीत एक ओळभर नोंद आहे, माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा अर्क. भडोचच्या बाजारात अजून जुनी द्रख्मा नाणी चालतात, त्यांवर ग्रीक अक्षरे आहेत आणि अपोलोडोटस व मिनँडर यांची चिन्हे. मिनँडर म्हणजे आपल्या ‘मिलिंदपञ्हा’तला मिलिंद. ही नाणी पाडणारे राजे जाऊन तेव्हा दोनशेच्या आसपास वर्षे झाली होती. राज्य बुडाले, नाणे चालूच! (अलेक्झांडर गुजरातेत आला होता अशी मात्र या गृहस्थाची समजूत होती. तो तिकडे कधी फिरकला नाही.)

चालत्या नाण्याचे रूप बदलायला कोणताही शहाणा राजा कचरतो. नहपान क्षत्रपाने तेच केले. आपल्या नाण्यावर त्याने ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरेही ठेवली, पण त्या अक्षरांत भाषा मात्र प्राकृत लिहिली. रोमी लिपीत लिहिलेल्या कोंकणीवरून आजही वाद घालणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटू नये. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याची तेरा हजारांहून अधिक नाणी एकाच ठिकाणी सापडली. त्यांतल्या सुमारे नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. नहपानाचा पराभव वाचायचा तर तो असा, चांदीवर, एका राजाच्या नाकावर दुसऱ्याची टेकडी!

पुढच्या क्षत्रपांच्या काळात ग्रीक वाचणारे उरले नाहीत. अक्षरे झिजली, मोडली, नुसती नक्षी झाली. तरी कोरली जात राहिली, कारण लोकांचा विश्वास त्या नक्षीसकटच्या नाण्यावर होता.

या झिजण्याचा अभ्यास आपल्याच माणसाने केला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. गोव्यात कोसबेन इथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती, ग्रीक जाणणारे. त्यांनी हजारो आहत नाणी तराजूत घालून तोलली. हातोहात फिरताना नाणे किती झिजते त्यावरून त्याचा काळ काढता येतो हे गणिताने मांडले. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले खांब आहेत, एका खांबाच्या माथ्यावर चक्क स्फिंक्स आहे. त्या यवनांचाही त्यांनी माग काढला. यवन शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांचा, हे आपण पार विसरलो आहोत.

द्रख्मा मात्र विसरला गेला नाही. त्याचा द्रम्म झाला, शिलाहारांच्या लेखांत आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या कोष्टकात बसला, आणि द्रम्माचा दाम झाला. तो आपण रोज बाजारात मोजतो.

गोव्याला परतल्यावर एका संध्याकाळी मी आईकडे आजीची पुतळ्यांची माळ मागितली. “आता हे काय नवीन?” म्हणत तिने ती काढून दिली. पुतळी म्हणजे मूळ व्हेनिसचे सोन्याचे नाणे. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला शासक असतो. आमच्या घरात त्या जोडीला रामसीता म्हणत. आपल्याकडच्या सोनारांनी पुढे त्याच्या नकला पाडल्या. मी भिंग लावले. आकृत्यांच्या कडेने उभ्या रेघा होत्या, मध्ये एखादे वर्तुळ, पुन्हा रेघा.

“काय लिहिलंय रे?” आईने विचारले.