एका चुकलेल्या नावाची कबर

धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्या धर्मगुरूला जुन्या नोंदवह्यांचा सहवास चुकत नाही. स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या या वह्या आम्ही गेली कित्येक वर्षे उलगडत आलो आहोत. शाई फिकटलेली, पाने ठिसूळ झालेली, कडा वाळवीने कुरतडलेल्या. त्या चाळता चाळता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. लिहिणारा परका असला म्हणजे नाव बदलते. ऐकणाऱ्याच्या कानात ते जसे पडेल तसे कागदावर उतरते, आणि पुढे शंभर वर्षे तसेच राहते.

काही वर्षांपूर्वी एक प्रौढ गृहस्थ आपल्या आजोबांची मृत्युनोंद शोधायला आमच्याकडे आले होते. दोन दिवस वह्या चाळल्या. नोंद अखेर सापडली, पण भलत्याच अक्षराखाली. आडनावाची पार मोडतोड झाली होती. बापाचे नाव आणि गाव जुळले म्हणून ओळख पटली. त्या ओळीवर बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. जाताना एवढेच म्हणाले, “फादर, आता घरी सांगता येईल.”

युद्धात हरवलेल्या वैमानिकांचा शोध घेणाऱ्यांच्या हकिकती वाचताना आम्हाला त्या गृहस्थांचे वाक्य हटकून आठवते. त्यांपैकी एक हकिकत मुंबईच्या एका तरुणाची आहे. आपल्या वाचकांना ती फारशी ठाऊक नसावी, म्हणून प्रथम तीच सांगतो.

श्रीकृष्ण वेलिणकर यांचा जन्म १८९४ साली मुंबईत झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विमान हे तेव्हा लाकूड, तारा आणि कापड यांचे एक नाजूक यंत्र होते. पहिल्या यशस्वी उड्डाणाला जेमतेम अकरा वर्षे झाली होती. अशा यंत्रात बसून लढण्याची उमेद ज्या मूठभर हिंदी विद्यार्थ्यांनी धरली, त्यांत वेलिणकर होते.

परंतु उमेद धरणे निराळे आणि दार उघडणे निराळे. हिंदी माणसाला अधिकारपद देऊन वैमानिक करण्यास लष्करी खाते राजी नव्हते. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या हरदितसिंग मलिक यांचा अनुभव याची साक्ष देतो. इंग्रज सैन्यात जागा मिळेना, तेव्हा ते फ्रान्समध्ये रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले. पुढे फ्रेंच विमानदल त्यांना घेण्यास तयार झाले. हे त्यांनी आपले ऑक्सफर्डमधील शिक्षक फ्रान्सिस अर्कहार्ट यांना कळविले. आमच्या वाचकांसाठी मुद्दाम नमूद करतो, की हे अर्कहार्ट कॅथोलिक होते, आणि ज्या विद्यापीठाने कॅथोलिकांना शतकानुशतके दाराबाहेर ठेवले, तेथे ते शिकवीत होते. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. साम्राज्याच्या प्रजाजनाला आपण नाकारावे आणि फ्रेंचांनी स्वीकारावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी विमानदलाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना धाडले. १९१७ साली मलिक यांना प्रवेश मिळाला. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण चढवून ते उडू लागले.

त्या काळी लढाऊ वैमानिक म्हणून नाव नोंदले गेलेले चार हिंदी तरुण सर्वश्रुत आहेत : मलिक, वेलिणकर, कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन. या चौघांच्या वाट्याला चार निरनिराळे शेवट आले. सेन १९१७ च्या सप्टेंबरमध्ये शत्रूच्या प्रदेशात उतरले आणि युद्ध संपेपर्यंत जर्मन कैदेत राहिले. मलिक ऑक्टोबर १९१७ मध्ये एका चकमकीत घायाळ झाले. त्यांच्या विमानाला चारशेवर गोळ्या लागल्या होत्या, असे सांगतात. पायातल्या गोळ्यांसह ते पुढे दीर्घायुषी झाले, स्वतंत्र भारताचे कॅनडातील पहिले उच्चायुक्त आणि नंतर फ्रान्समधील राजदूत झाले. १९८५ साली ते वारले.

इंद्रलाल रॉय यांचे आयुष्य वीस वर्षांचेही नव्हते. जुलै १९१८ मध्ये, दोन आठवड्यांहून कमी अवधीत, त्यांनी दहा हवाई विजय मिळविले आणि २२ जुलै रोजी ते स्वतः पडले. मरणोत्तर मिळालेला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हा कोणाही हिंदी माणसाला मिळालेला असा पहिलाच सन्मान. उत्तर फ्रान्समधील एस्तव्हेल या खेड्याच्या स्मशानभूमीत त्यांची कबर आहे आणि तिच्यावर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत. सुब्रतो मुखर्जी, जे पुढे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, ते त्यांचे भाचे होत.

आता वेलिणकरांकडे वळू. ते ७९ व्या स्क्वाड्रनमध्ये ‘सॉपविथ डॉल्फिन’ जातीचे विमान चालवीत. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर निघत असे. त्यामुळे आकाश चौफेर दिसे; पण विमान उलटे पडले तर पहिला आघात डोक्यावरच. हवाई छत्री तेव्हा इंग्रज वैमानिकांना दिली जात नसे. २७ जून १९१८ रोजी वेलिणकर गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. स्क्वाड्रनच्या दप्तरात त्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता’ हा शब्द पडला.

प्रिय वाचकहो, ‘मृत’ या शब्दाला काठ असतो. रडून झाल्यावर माणूस त्याला टेकू शकतो. ‘बेपत्ता’ या शब्दाला काठच नाही. आमच्या धर्मग्रामात एक आजी होत्या. त्यांचे यजमान दुसऱ्या महायुद्धात बोटीवर गेले ते आलेच नाहीत. दर नोव्हेंबरात त्या मृतांच्या मिस्सेसाठी नाव देत, पण तारीख विचारली की गप्प होत. चाळीस वर्षांनंतरही दाराशी पावले वाजली की त्यांची मान वळे. मुंबईतल्या वेलिणकर कुटुंबाने तो काळ कसा काढला असेल, याची कल्पना आम्ही त्या आजींवरून करतो.

युद्ध संपल्यावर कबरींची नोंद करणाऱ्या पथकांनी फ्रान्सची रणभूमी पावलापावलाने धुंडाळली. रूव्रुआ नावाच्या गावी जर्मनांनी पुरलेल्या एका हवाई अधिकाऱ्याची कबर होती. तिच्यावरचे नाव कोणत्याच यादीशी जुळेना. ते होते ‘वुमकर’ असे काहीसे. परक्या कानाने ऐकलेले, परक्या हाताने लिहिलेले. नाव मोडले होते, पण शेवटचा ‘कर’ तेवढा टिकला होता. नावाची आद्याक्षरे, हुद्दा आणि मृत्यूचा दिवस हे सारे ताडून पाहता १९२१ साली उलगडा झाला, की हे मुंबईचे वेलिणकर. पडल्यानंतर तीन दिवसांनी, ३० जून १९१८ रोजी, जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांनी त्यांचा अंत झाला होता. आज आमियाँ शहराजवळील आँगार येथील युद्धस्मशानभूमीत त्यांची कबर त्यांच्या खऱ्या नावानिशी उभी आहे.

या हकिकतीतील जर्मन कारकुनाचा आम्हाला विसर पडत नाही. शत्रूच्या सैनिकाचे, कधी न ऐकलेल्या भाषेतले नाव त्याने जमेल तसे लिहून ठेवले. त्याने काहीच लिहिले नसते तर शोधणाऱ्यांच्या हाती काहीच उरले नसते. चुकीची नोंदसुद्धा नोंद नसण्यापेक्षा किती मोलाची असते, हे वह्या राखणाऱ्याला पटते. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आपण धर्मशिक्षणात पाठ करतो. तोबीताने ते जिवावर उदार होऊन केले. नाव लिहून ठेवणे हाही त्याच कृत्याचा भाग मानावा, असे आम्हास वाटते.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न कितीतरी पटींनी वाढला. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाचे सुमारे ४२ हजार जण बेपत्ता होते. त्यांच्या शोधासाठी स्वतंत्र पथके नेमली गेली. त्यांची माणसे गावोगाव हिंडत, शेतकऱ्यांना, कबर खणणाऱ्यांना, गावच्या पाद्र्यांना विचारीत : या सालात येथे विमान पडले होते काय? कोणाला पुरले? कोठे? अंगावर काय होते? कपड्यावरची धोब्याची खूण, अंगठीवरची अक्षरे, बुटाची घडण, असे काहीही त्यांना उपयोगी पडे. सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे यंत्र. इंजिनाला क्रमांक असतो, मशीनगनला क्रमांक असतो, आणि कोणते इंजिन कोणत्या विमानात बसविले आणि ते विमान त्या दिवशी कोणी नेले, हे दप्तरात लिहिलेले असते. बाँबफेकी विमानात सात-आठ जण असत; एखादा वाचला तर बाकीच्यांची हकिकत सांगे. लढाऊ विमानात एकटाच माणूस. त्याच्या मरणाला सोबती नसे. त्याचे इंजिन मात्र जमिनीत खोल रुतून त्याची साक्ष जपत राही. काही वर्षांच्या अशा परिश्रमाने सुमारे २४ हजार जणांच्या कबरी निश्चित झाल्या. ज्यांना कबरच नाही अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावे इंग्लंडमध्ये रनीमीड येथील स्मारकाच्या दगडी भिंतींवर कोरण्यात आली. त्या स्मारकाचे उद्घाटन १९५३ साली झाले.

यंत्राने दिलेली साक्ष किती उशिरा येऊ शकते, याचे उदाहरण ‘छोटा राजपुत्र’ या जगप्रसिद्ध कथेचे फ्रेंच लेखक आंत्वान द सेंट-एक्झुपेरी यांचे. ३१ जुलै १९४४ रोजी सकाळी ते कॉर्सिका बेटावरून ‘लाइटनिंग’ या लढाऊ विमानाच्या छायाचित्रे टिपणाऱ्या आवृत्तीतून निघाले. विमानात तोफा नव्हत्या, कॅमेरे होते. वय ४४, वैमानिक म्हणून त्यांचे वय केव्हाच उलटले होते. ते परतले नाहीत. चौपन्न वर्षे गेली. १९९८ साली मार्सेलजवळच्या समुद्रात एका कोळ्याच्या जाळ्यात चांदीची एक साखळी आली. तिच्यावर त्यांचे नाव, पत्नीचे नाव आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचे नाव होते. प्रथम अनेकांनी ती बनावट ठरविली. कोळ्याच्या शब्दाला विद्वानांच्या दारी वजन थोडेच. पण २००० साली त्याच भागात एका पाणबुड्याला विमानाचे अवशेष दिसले. २००३ साली ते वर काढले गेले, आणि पत्र्याच्या एका तुकड्यावर २७३४ हा कारखान्याचा क्रमांक आढळला. तो सेंट-एक्झुपेरी यांच्याच विमानाचा होता. एप्रिल २००४ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली.

परंतु आमच्या मनाला खरा स्पर्श करते ती पुढची गोष्ट. त्या अवशेषांच्या लगत आणखी एक इंजिन सापडले. ते जर्मन मेसरश्मिट विमानाचे होते. त्याच्या क्रमांकावरून माग काढला, तेव्हा ते १९४३ च्या डिसेंबरात पडलेल्या एका तरुण जर्मन वैमानिकाचे निघाले. तो खरोखरच एका राजघराण्यातला राजपुत्र होता, अलेक्सिस बेंटहाइम त्याचे नाव. फ्रेंच लेखकाचे विमान आणि जर्मन राजपुत्राचे विमान, दोन्ही समुद्रतळाशी शेजारी पडून होती. एकाचा शोध घेता घेता दुसऱ्याचाही लागला.

या शोधकांनी जर्मनीतील जुन्या वैमानिकांना गाठून विचारपूस केली. त्यांतील एक वृद्ध, होर्स्ट रिपर्ट, यांनी २००८ साली सांगितले, की त्या दिवशी तसे एक विमान आपण पाडले होते. आपण लहानपणापासून त्या लेखकाची पुस्तके वाचीत आलो. आत ते आहेत हे ठाऊक असते तर गोळी झाडली नसती, असेही ते म्हणाले. जर्मन दप्तरात या विजयाची नोंद नाही, म्हणून इतिहासकार हा कबुलीजबाब सिद्ध मानीत नाहीत, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच योग्य. तथापि कबुलीजबाबाच्या खुर्चीत बसणाऱ्या आम्हा माणसांना त्या वाक्यातले दुःख ओळखू येते. गोळी झाडणाऱ्याला समोर यंत्र दिसते. त्यातल्या माणसाचे नाव कळते ते नंतर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वेलिणकर आणि रॉय हे अधिकारी होते, शिकलेले होते, म्हणून त्यांच्या नावासाठी दप्तरे उलगडली गेली. त्याच साम्राज्याच्या सैन्यात आफ्रिका आणि मध्यपूर्वेत मेलेल्या हजारो हिंदी व आफ्रिकी शिपायांच्या आणि मजुरांच्या नशिबी तेवढेही आले नाही. ज्या युद्धकबर आयोगाने मरणात सर्वांना समान मानण्याचे व्रत घेतले होते, त्यानेच २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून मान्य केले, की पहिल्या महायुद्धातील निदान १ लक्ष १६ हजार मृतांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत, आणि याला वर्णभेदाची दृष्टी कारणीभूत होती. त्यांचे काम आता सुरू झाले आहे. शंभर वर्षांनी का होईना, नाव शोधणे अजून संपलेले नाही.

आम्ही जेव्हा हल्ली नवी मृत्युनोंद लिहितो, तेव्हा मृताच्या घरच्यांना जवळ बसवून घेतो. आडनाव कसे लिहिता, ऱ्हस्व की दीर्घ, गावाचे नाव कोणते, हे दोनदा विचारतो. लोकांना वाटते, फादर उगाच चिकित्सा करतात. करू द्या. कोणाचा तरी नातू कधीतरी ही वही उघडील, आणि त्याचे बोट बरोबर त्या ओळीवर थांबले पाहिजे.